निकेल मुलाम्याच्या पुंगळ्या: तोंडाला चिरा, अंगावर ओरखडे आणि सुटणारे पोपडे

बंदुकीच्या काडतुसांची रिकामी पुंगळी (पावडर आणि गोळी धरणारी धातूची नळी) पुन्हा भरून वापरणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. निकेलचा मुलामा असलेल्या चकचकीत पुंगळ्या पहिल्यांदा छान भरल्या जातात. पुढच्या काही फेऱ्यांत एखाद्या पुंगळीच्या तोंडाला केसासारखी चीर दिसते, दुसरीच्या मानेवर (गोळी धरणाऱ्या वरच्या भागावर) पिवळा डाग उघडा पडतो. मग साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून मूळ मापाला आणणाऱ्या साच्यातून) निघणाऱ्या साध्या पितळी पुंगळ्यांवरही उभे ओरखडे येऊ लागतात. माणूस डाय पुसतो, वंगण बदलतो, आठवडाभर सगळे ठीक चालते आणि ओरखडे परत हजर होतात.

हा त्रास परत येतो कारण तीन वेगळे बिघाड एकच समजून त्यांच्यावर एकच उपाय केला जातो. मुलामा सुटणे हा एक बिघाड, आतले पितळ थकून फाटणे हा दुसरा आणि डायमध्ये निकेलचा कण रुतून बसणे हा तिसरा. तिन्ही एकमेकांना चालना देतात, पण तिघांचे उपाय वेगळे आहेत. आधी आपल्याकडे यातला कोणता आहे ते ओळखा, मग हात घाला.

हे सगळे फक्त रिकाम्या पुंगळ्यांबद्दल आहे. पावडर आणि गोळीचे आकडे प्रकाशित लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचे, आणि हे काम कायद्याने परवानगी असेल तिथेच करायचे.

मुलामा मुळात कशासाठी असतो

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. हा धातू ताणला जातो, स्फोटाच्या दाबाने फुगून चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला टेकतो आणि दाब ओसरला की किंचित आकसतो. म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते आणि पुन्हा भरता येते. त्याची अडचण चामड्याशी आहे. काडतुसे चामडी पट्ट्याच्या कड्यांमध्ये महिनोन् महिने राहिली की चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि ओल मिळून पितळावर हिरवा चिकट थर आणतात. अशी पुंगळी चेंबरमध्ये अडकते. रिव्हॉल्व्हर कमरेला लावून फिरणाऱ्यांसाठी ही जिवावरची गोष्ट होती. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या काडतुसांत मुलाम्याच्या पुंगळ्या इतक्या दिसतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे. निकेलवर तो हिरवा थर चढत नाही, शिवाय ते गुळगुळीत असल्याने काडतूस चेंबरमध्ये सहज सरकते आणि अंधुक उजेडात चेंबर भरलेले आहे की नाही हे चटकन दिसते.

म्हणजे हा मुलामा बाळगण्यासाठी आणि साठवण्यासाठी आहे. पुंगळी पुन्हा पुन्हा ताणायची, दाबायची आणि कापायची हा विचार त्यामागे नाही. थर काही मायक्रॉनचाच असतो, पण पितळापेक्षा बराच कडक आणि ताणाला कमी दाद देणारा. खाली लवचीक पितळ आणि वर कडक कातडी अशी ही जोडी आहे. खालचे पितळ ताणले की वरची कातडी आधी तडकते. पुढे जे काही होते ते इथूनच सुरू होते.

आधी खात्री करा की हातात पितळच आहे

चंदेरी दिसणारी प्रत्येक पुंगळी निकेल मुलाम्याची नसते. अॅल्युमिनियमच्या पुंगळ्या असतात. त्या हलक्या आणि राखाडी झाकेच्या असतात, आणि पुन्हा भरण्यासाठी नसतात. वर चकाकी दिलेल्या पोलादी पुंगळ्याही असतात. अलीकडे दोन भाग जोडून केलेल्याही मिळतात, पोलादी अंग आणि अॅल्युमिनियमचे बूड अशा. त्यांच्यासाठी कारखानदाराची वेगळी सूचना पाळावी लागते. त्यांना साध्या डायमध्ये घालू नका.

तपासणी सोपी आहे. साधे चुंबक जवळ न्या. पोलाद लगेच उडी मारून चिकटते. निकेल स्वतः चुंबकाला ओढले जाते, त्यामुळे ताकदवान निओडिमियम चुंबकाला मुलाम्याची पुंगळीही किंचित ओढ देते. पण ती ओढ इतकी क्षीण असते की पोलादाशी गल्लत होत नाही. मग तोंडाची कड भिंगाखाली पाहा. एकदा तरी कापलेल्या पुंगळीच्या कडेवर दोन चंदेरी रेषांच्या मध्ये पिवळा पट्टा दिसतो. हा पिवळा पट्टा म्हणजे पितळ. शेवटी आत बॅटरीचा उजेड टाकून बुडाला छिद्रे किती आहेत ते मोजा. मधोमध एकच छिद्र असेल तर बॉक्सर प्रकारचा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी). दोन लहान छिद्रे असतील तर बर्डन, आणि त्यात जुना प्रायमर ढकलून काढणारी नेहमीची डीकॅपिंग पिन घातली तर ती मोडते.

ओरखडे: दोष डायचा की पुंगळीचा?

हा प्रश्न सुटला की अर्धे काम झाले. एक स्वच्छ, नवी, वंगण लावलेली साधी पितळी पुंगळी घ्या. शेल होल्डरमध्ये (पुंगळीचे बूड धरणाऱ्या खोबणीत) ठेवताना समोरच्या बाजूला मार्करने खूण करा. डायमधून एकदा काढा आणि ओरखडा खुणेपासून कुठे आला ते पाहा. आता दुसरी पुंगळी तशीच खूण करून काढा. ओरखडा दोन्ही वेळा त्याच दिशेला आला तर कण डायमध्ये रुतलेला आहे. जागा बदलत गेली, किंवा एका पुंगळीवर ओरखडा आला आणि दुसरीवर नाही, तर डाय बरा आहे. तेव्हा दोष पुंगळीवरच्या वाळूचा, टंबलरमधल्या (पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रातल्या) भुशाच्या कणाचा किंवा सुट्या पोपड्याचा समजा.

डायमध्ये कण असेल तर नुसते पुसून तो जात नाही. ओरखडे परत येण्याचे नेहमीचे कारण हेच. निकेलचा कण पोलादी भिंतीला अक्षरशः घासून चिकटलेला असतो. डाय पूर्ण सुटा करा, सॉल्व्हंटने वंगण धुऊन काढा, आत उजेड टाकून तिरप्या कोनातून पाहा. चिकटलेला कण बारीक चमकदार रेघ किंवा ठिपका म्हणून दिसतो. लाकडी काठीवर सुती कापड गुंडाळून त्याला अतिबारीक मेटल पॉलिश लावा आणि हाताने किंवा अगदी मंद ड्रिलने फिरवा. दर थोड्या वेळाने थांबून पाहा. कण गेला की तिथेच थांबा. खरखरीत पॉलिश पेपर आत घालू नका. त्याने कण जाईल, पण डायचे माप वाढेल आणि ते परत आणता येत नाही. शेवटी पॉलिशचा अवशेष कसोशीने धुवा, नाहीतर तोच पुढच्या पुंगळीला घासेल.

सरळ भिंतीच्या रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडची रिंग असलेला डाय मिळतो. निकेल कार्बाइडला सहसा चिकटत नाही. या पुंगळ्या नियमितपणे भरायच्या असतील तर तोच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. कार्बाइडला वंगण लागत नाही असे सांगितले जाते. सरळ पुंगळ्यांपुरते ते खरे आहे, तरी मुलाम्याच्या पुंगळ्यांना हलका फवारा द्यावा. थर कमी ओढला जातो. रायफलच्या अरुंद मान असलेल्या पुंगळ्यांना मात्र डाय कशाचाही असो, वंगण लागतेच. विसरलात तर पुंगळी डायमध्ये अडकेल आणि ती काढताना डाय आणि रिम (बुडाची कड) दोन्ही पणाला लागतील.

रायफलच्या पुंगळ्यांत आणखी एक जागा निसटते, ती म्हणजे मान पुन्हा उघडण्यासाठी तिच्या आतून वर ओढली जाणारी एक्स्पँडर बॉल. मुलामा आतूनही असतो. कोरड्या निकेलवर ही बॉल ओढली की प्रेसचे हँडल वर नेताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. मान लांबते, तिरपी होते आणि आतला थर खरवडला जातो. मानेच्या आत नायलॉन ब्रशने ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची कोरडी पूड फिरवा, बॉल पॉलिश करून घ्या, किंवा कार्बाइडची बॉल बसवा.

पोपडे

पोपडा सुटलेली पुंगळी फाटलेलीच असते असे नाही. नखाने चाचपा. कडा लागत असेल पण खाली अखंड पिवळे पितळ दिसत असेल, तर ती आत्ता तरी फक्त दिसायला वाईट आहे. पण माझ्या मते ती पुढे वापरू नये. त्या पोपड्याची उरलेली कड पुढच्या साइझिंगला सुटेल आणि डायमध्ये जाईल. एका पुंगळीसाठी चांगला डाय धोक्यात घालणे परवडत नाही.

पोपडे सुटण्याला बऱ्याचदा आपली साफसफाईच कारणीभूत असते. निकेल सहज काळवंडत नाही, त्यामुळे त्याला पितळाइतके घासावे लागत नाही. तरी सवयीने पितळाचाच वेळ दिला जातो. स्टेनलेस पिना, पाणी आणि सायट्रिक आम्ल घालून ओले टंबलिंग तासन् तास चालू ठेवले तर कडांवरचा आणि रिमवरचा थर झिजून पिवळा रंग डोकावतो. मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा वापरून कोरडे, थोडा वेळ टंबलिंग पुरते. राख आणि काजळी निघाली की थांबावे. आत थोडा काळेपणा उरला तरी काही बिघडत नाही.

टंबलरच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते. भुसा चाळताना मास्क लावा, काम उघड्या हवेत करा आणि नंतर हात साबणाने धुवा. निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांनी हातमोजे घालावेत.

तोंडाच्या चिरा

आता मुख्य मुद्दा. तोंडाकडून खाली जाणारी उभी चीर ही पितळ थकल्याची खूण आहे. प्रत्येक फेरीत तोंड पाच वेळा हलते. गोळी सुटताना फुगते, साइझिंगला आकसते, एक्स्पँडरवर पुन्हा उघडते, गोळी सहज बसावी म्हणून त्याला घंटेसारखा फुगवटा दिला जातो आणि शेवटी क्रिम्पने (गोळी पक्की धरण्यासाठी कड आवळून) वळवले जाते. दर वळणाला पितळ कडक होत जाते आणि एक दिवस वाकण्याऐवजी फाटते. साध्या पितळाचेही हेच होते. मुलाम्याच्या पुंगळीत ते लवकर होते, कारण वरच्या कडक थरात आधीच सूक्ष्म तडे असतात आणि पितळातली चीर तिथूनच आत शिरते.

म्हणून इलाज हालचाल कमी करण्यात आहे. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्यांत सर्वांत जास्त नुकसान फुगवटा आणि रोल क्रिम्प (कड आत वळवणारा क्रिम्प) मिळून करतात. फुगवटा इतकाच द्या की गोळीचे बूड तोंडात जेमतेम टेकून उभे राहील. तो डोळ्यांना ठळक दिसू लागला तर जास्त झाला. क्रिम्पही गोळीच्या खाचेत कड हलकी वळेल एवढाच. भारी मॅग्नम काडतुसांना झटक्याने गोळी पुढे सरकू नये म्हणून पक्का क्रिम्प लागतो, तो टाळता येणार नाही. पण हलक्या सरावाच्या काडतुसांना तोच पक्का क्रिम्प देण्याचे काहीच कारण नाही. हे दोन बदल केले की बहुतेक ठिकाणी चिरांचे प्रमाण स्पष्टपणे खाली येते.

बोल्ट अॅक्शन रायफलच्या पुंगळ्यांत साइझिंग डाय शेल होल्डरला घट्ट टेकवून चालवण्याची सवय सोडा. गोळी सुटलेल्या पुंगळीचा खांदा (अंग मानेकडे निमुळते होते तो भाग) मोजा आणि डाय असा लावा की खांदा एक-दोन हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.०३ ते ०.०५ मि.मी. एवढाच मागे जाईल. त्याहून मागे ढकलला की पुंगळी दर वेळी ताणली जाते, आणि त्याचे परिणाम तोंडापेक्षा बुडाजवळ जास्त घातक असतात. त्याबद्दल पुढे येतेच.

इथे अॅनीलिंगचा प्रश्न हमखास निघतो. मान तापवून पितळ मऊ करायचे, मग चिरा उशिरा पडतात. साध्या पितळासाठी हे खरे आहे. मुलाम्याच्या पुंगळ्यांना मात्र मी हे करू नका असेच सांगेन. पितळाच्या रंगावरून ताप जोखण्याची जी पद्धत आहे ती चंदेरी थराखाली चालत नाही, आणि अंदाज चुकून उष्णता बुडाकडे उतरली तर बूड मऊ होते. मऊ बुडाची पुंगळी चेंबरमध्ये फुटू शकते. शिवाय आतले पितळ मऊ झाले तरी वरचा थर कडकच राहतो, त्यामुळे पोपडे सुटतच राहतात. जिथे फायदा तोकडा आणि चुकीची किंमत मोठी, तिथे तो मार्ग धरू नये.

चीर पकडण्यासाठी भिंगाआधी कान वापरा. पाच-सहा रिकाम्या पुंगळ्या तळहातावर घेऊन हलके खुळखुळवा. अखंड पुंगळ्या खणखणीत वाजतात. एखादी फाटलेली असली तर त्यात बद्द आवाज मिसळतो. मग एकेक वेगळी करून तोंड उजेडासमोर फिरवा. मुलाम्याच्या चकाकीमुळे बारीक चीर डोळ्याला सहज फसवते, म्हणून तोंडावर तिरपा उजेड टाका. चिरेची सावली पडते, नुसत्या ओरखड्याची सहसा पडत नाही.

अमोनिया

पितळ चमकवणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो. बंदुकीची नळी साफ करण्याच्या काही सॉल्व्हंटमध्येही असतो. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनिया आतून तडा देतो. याची सर्वांत प्रसिद्ध घटना ब्रिटिशकालीन भारतातली आहे. लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात आणि मोसम संपेपर्यंत पुंगळ्या आपोआप तडकलेल्या निघत. त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असेच नाव पडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण ही तीन कारणे एकत्र आल्याने हे होत होते, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवले.

निकेलचा अखंड थर पितळाला यापासून झाकतो. पण थर तडकलेला असेल तर अमोनिया त्या तड्यातून थेट पितळापर्यंत जातो आणि चकाकीखाली काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून मुलाम्याच्या पुंगळ्यांजवळ अमोनियाचे कोणतेही पॉलिश आणू नका. भुशात घालायचे पॉलिश विकत घेताना डब्यावर अमोनियारहित असे लिहिलेले आहे का ते पाहा.

लांबी कापताना

सरळ पुंगळ्या फारशा लांबत नाहीत, पण रोल क्रिम्प सारखा पडावा म्हणून लांबी सारखी लागते. .३८ स्पेशलची कमाल लांबी १.१५५ इंच आणि .३५७ मॅग्नमची १.२९० इंच आहे. रायफलच्या पुंगळ्या मात्र दर काही फेऱ्यांनी कापाव्याच लागतात.

निकेल कटरची धार लवकर मारते. धार गेलेला कटर थर कापत नाही, उचलतो, आणि कडेला बारीक चंदेरी काटे उभे राहतात. आतली आणि बाहेरची कड चॅम्फर करताना (तिरपी घासताना) दाब हलका ठेवा, फक्त काटे निघेपर्यंत. नंतर पुंगळी उलटी करून ठोका आणि आत नायलॉन ब्रश फिरवा. आत राहिलेला काटा गोळीला खरवडतो. कापल्यानंतर पुंगळ्या थेट साइझिंग डायकडे न नेता थोडा वेळ कोरड्या टंबलरमध्ये फिरवा. डायमध्ये कण जाण्याची एक मोठी वाट इथेच बंद होते.

हे दिसले तर दुरुस्तीचा विचारही नको

बुडापासून थोडे वर, आडवी चमकदार रेघ पुंगळीभोवती फिरत असेल तर पुंगळी तिथे आतून पातळ होत आहे. पुढच्या वेळी बूड आणि अंग वेगळे होऊ शकते आणि तप्त वायू मागे येऊ शकतो. पितळावर ही रेघ फिकट पट्टा म्हणून दिसते. निकेलवर सगळेच चमकदार, त्यामुळे ती लपते. म्हणून मुलाम्याच्या रायफल पुंगळ्यांना डोळ्यावर सोडू नका. कागदाची पिन सरळ करून तिचे टोक काटकोनात वळवा, ते आत घालून भिंतीला टेकवा आणि बुडाकडून वर ओढा. कुठे खाच लागली की ती पुंगळी बाद. अंगावर मधोमध उभी चीर असेल, तर तीही लगेच बाद. एकाच बंदुकीतून अशा चिरा वारंवार निघत असतील तर चेंबरचे माप जाणकार बंदूक कारागिराकडून तपासून घ्या.

गठ्ठे वेगळे ठेवा

मुलाम्याच्या आणि साध्या पुंगळ्या एकाच गठ्ठ्यात भरू नका. मानेची जाडी आणि आतला गुळगुळीतपणा वेगळा असल्याने गोळीवरची पकड बदलते. पिस्तुलाच्या काडतुसांत पकड सैल पडली तर गोळी चेंबरमध्ये चढताना आत ढकलली जाते आणि दाब वाढतो. भरलेले नमुना काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून गोळी आत सरकते का ते पाहा आणि आधी-नंतरची लांबी कॅलिपरने मोजा. पुंगळी बदलली की मॅन्युअलमधल्या पावडरच्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच पुन्हा चढत यायचे.

प्रत्येक डब्यावर फेऱ्यांची संख्या लिहा. एका डब्यातल्या काही पुंगळ्यांच्या तोंडाला चिरा निघाल्या तर उरलेल्याही त्याच वयाच्या आहेत. त्या एकेक निवडत बसण्यापेक्षा पूर्ण डबाच बाद करा. बाद केलेली पुंगळी पक्कडीने तोंड चेपूनच भंगाराच्या डब्यात टाका, म्हणजे पुढच्या साफसफाईत ती चांगल्यांमध्ये मिसळणार नाही.